एकच गाठ, दोन रिपोर्ट, दोन नावं: चुकलं कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर लक्षात येईल. आईंचं वय ५४. उजव्या घोट्याच्या वर, कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ तीनेक वर्षं होती. मांडी घालून बसल्या आणि ती जमिनीला टेकली की कळ मस्तकात जायची. सर्जननी ती काढली, सव्वा सेंटिमीटरची निघाली. पहिल्या लॅबने लिहिलं अँजिओलायोमायोमा. ओळखीतल्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून तुम्ही स्लाइड दुसरीकडे दाखवल्यात, तिथून आलं मायोपेरिसायटोमा. मग रात्री मोबाइलवर शोधताना हेमँजिओपेरिसायटोमा हा तिसराच शब्द समोर आला, त्याच्या शेजारी 'मॅलिग्नंट' दिसलं आणि पोटात गोळा आला. आता तुमचं विचारणं असं, की दोघांपैकी चुकलं कोण आणि आईला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्यायचं का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते आहे आणि कातडीच्या व कातडीखालच्या गाठी हे माझं रोजचं काम आहे. आईंची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या दोन रिपोर्टांवर बेतलेलं आहे. पण ते रिपोर्ट तुम्ही शब्दशः उतरवलेत हे फार बरं केलंत. दोन्हींत 'ॲटिपिया नाही, मायटोसिस दिसत नाहीत' असं आहे, म्हणजे पेशी बिघडलेल्या दिसत नाहीत आणि विभाजन चाललेलं दिसत नाही. तेवढ्यावर मी म्हणेन, की बहुधा कोणीच चुकलेलं नाही. दोन्ही नावं एकाच घरातली आहेत, दोन्ही निरुपद्रवी आहेत आणि दोन्हींचा इलाज एकच, गाठ काढणे, जो झालेला आहे.

पण मग एकाच गाठीला दोन नावं पडतातच कशी, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या म्हणजे केशवाहिन्या. त्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची. त्या भिंतीला बाहेरून, मधूनमधून, एकेक पेशी बिलगलेली असते. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला हातपाय पसरून धरतं ना, तशी. शार्ल रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये या पेशींचं वर्णन केलं आणि १९२३ मध्ये झिमरमान यांनी त्यांना पेरिसाइट हे नाव दिलं. पेरी म्हणजे भोवती. या पेशी थोड्याफार आकुंचन पावतात, वाहिनीला आधार देतात आणि गरज पडली तर स्वतःचं रूपही बदलतात. वाहिनी जसजशी मोठी होते तसतशा तिच्या भोवती पेरिसाइटऐवजी गुळगुळीत स्नायूच्या पेशी दिसू लागतात, आधी एक थर, मग अनेक. आणि बोटांच्या टोकाला, नखाखाली, याच कुळातली तिसरी तऱ्हा असते. तिथे धमनी थेट शिरेला जोडणारे छोटे वळणदार मार्ग असतात, थंडी-उष्णतेनुसार रक्त वळवण्यासाठी. त्यांच्या भोवती गोल गोल ग्लोमस पेशींचा वेढा असतो.

म्हणजे पेरिसाइट, ग्लोमस पेशी आणि वाहिनीभोवतीची स्नायूपेशी यांच्यात कुंपण घातलेलं नाही. एक सरकत सरकत दुसरीसारखी होते. ज्या पेशीच मुळात अशा सरमिसळ, त्यांच्यापासून झालेल्या गाठी तरी स्वच्छ कप्प्यांत कशा बसणार?

आज या घराण्यात आम्ही मुख्यतः चार नावं धरतो: ग्लोमस ट्यूमर, मायोपेरिसायटोमा, मायोफायब्रोमा आणि अँजिओलायोमायोमा. यांतला ग्लोमस सर्वांत ठसठशीत, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आईंच्या गाठीशी त्याचा थेट संबंध नाही, पण हे घराणं कसं ओळखतात ते त्यावरून चांगलं कळतं.

काही वर्षांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नमुना माझ्याकडे आला होता. चाळिशीच्या होत्या. डाव्या हाताच्या अनामिकेच्या नखाखाली सहा वर्षं ठणका. थंडीत, विशेषतः सकाळी नळाच्या पाण्यात भांडी घासताना, जीव जायचा. बाहेरून बघावं तर काही नाही. नखावर एक अंधुक जांभळट छटा, तीही कोणी दाखवली तरच दिसणारी. मानेच्या मणक्याचा त्रास म्हणून पट्टा वापरून झाला होता, मज्जातंतूची औषधं खाऊन झाली होती, आणि 'मनाचं आहे' हेही ऐकून झालं होतं. शेवटी एका हाताच्या सर्जननी काय केलं, तर बॉलपेनच्या टोकाने नखावर एकेक मिलिमीटर सरकत दाबलं. एका बिंदूवर बाई खुर्चीवरून उठल्या, शेजारच्या बिंदूवर काहीच नाही. ही लव्ह यांची चाचणी, १९४४ सालची. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, हातातलं रक्त अडवलं आणि पुन्हा तिथेच दाबलं. दुखणं गायब. ही हिल्ड्रेथ यांची, १९७० ची. एमआरआय नंतर झाला, पण निदान त्या खुर्चीतच झालं होतं.

माझ्याकडे जे आलं ते फॉर्म्यालिनच्या डबीच्या तळाशी पडलेला साबुदाणा म्हणा ना. करडा-गुलाबी, तीन-चार मिलिमीटरचा. असा तुकडा कॅसेटच्या, म्हणजे नमुना ठेवायच्या जाळीदार डबीच्या, भोकातून निसटून जातो म्हणून तो गाळणकागदात गुंडाळून ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली तर अगदी पुस्तकातलं चित्र: पातळ भिंतीच्या वाहिन्या आणि त्यांच्याभोवती एकसारख्या गोल पेशींच्या रांगा, प्रत्येकीच्या मधोमध कंपासने काढल्यासारखं गोल केंद्रक. कोलॅजन-४ चा स्टेन (ठरावीक प्रथिन दाखवणारा रंग) केला की प्रत्येक पेशीला स्वतंत्र कुंपण दिसतं, जाळीतली चौकट जशी. एसएमए हा स्नायूचा मार्कर, म्हणजे स्नायूपेशीची खूण असलेलं प्रथिन, लख्ख तपकिरी, म्हणजे आला. बाई पुढच्या थंडीत सर्जनकडे पेढे घेऊन गेल्या, असं कळलं. माझ्यापर्यंत पेढे कधी पोचत नाहीत, ते असो.

अशा दुखऱ्या, बारीक गाठीचं वर्णन एडिंबरामधल्या विल्यम वुड यांनी १८१२ मध्येच केलं होतं. पण ती नेमकी कुठून उगवते हे १९२४ मध्ये पिएर मासाँ यांनी दाखवलं. म्हणजे लक्षणं आधी शंभर वर्षं माहीत होती, पेशीचा पत्ता नंतर लागला. ग्लोमसमध्येही पुन्हा पोटभेद आहेत. पेशी जास्त आणि वाहिन्या कमी असल्या तर घन प्रकार, वाहिन्या फुगलेल्या आणि पेशी एकदोन थरांच्या असल्या तर ग्लोमँजिओमा, आणि कडेला पेशी लांबट होत स्नायूसारख्या झाल्या तर ग्लोमँजिओमायोमा. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा. ग्लोमस पेशी स्नायूपेशीत मिसळत जाताना डोळ्यांना दिसते ती जागा हीच.

आता आईंच्या दोन नावांकडे येते.

अँजिओलायोमायोमा म्हणजे शिरेच्या भिंतीतल्या स्नायूची गाठ. ती साधारण मध्यमवयीन बायकांच्या पायावर, कातडीखाली, दोन सेंटिमीटरच्या आतली असते. निम्म्याच्या आसपास रुग्णांना ती दुखते. तुमच्या आईंचं वर्णन म्हणजे त्याचा नमुनाच. मायक्रोस्कोपखाली गुलाबी स्नायूंच्या गुंफलेल्या जुड्या आणि त्यांच्यामध्ये जाड भिंतीच्या वाहिन्या दिसतात. काहीत वाहिन्या चिरेसारख्या मिटलेल्या, काहीत जाड आणि उघड्या, काहीत फुगलेल्या. यावरून घन, शिरायुक्त आणि कॅव्हर्नस असे तीन प्रकार करतात, पण रुग्णाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

मायोपेरिसायटोमाही हातापायांवर येतो, कातडीत किंवा खाली, बहुतेकदा तोही दोन सेंटिमीटरच्या आतला. तो सहसा दुखत नाही, पण 'सहसा' या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. त्याची खूण म्हणजे असंख्य बारीक वाहिन्या आणि प्रत्येकीभोवती गुबगुबीत, आखूड पेशींचे एकात एक वेढे. आडवा कापलेला कांदा आठवा, पापुद्र्यावर पापुद्रा आणि मधोमध छोटंसं भोक.

वाचताना वाटेल की इतका फरक आहे तर गोंधळ कशाला. तर आता माझ्याच टेबलावरची गोष्ट. पोटरीवरची दीड सेंटिमीटरची गाठ. एका टोकाला नजर टाकली तर झकास अँजिओलायोमायोमा, स्नायूंच्या जुड्या, चिरेसारख्या वाहिन्या. स्लाइड सरकवत दुसऱ्या टोकाला गेले तर जुड्या विरल्या, पेशी जाडजूड झाल्या आणि बारीक वाहिन्यांभोवती कांद्याचे वेढे सुरू. सीमारेषा कुठे आहे ते शोधायला मी दोनदा मागेपुढे गेले, सापडली नाही. डेस्मिन हा स्नायूचा आणखी एक मार्कर लावला. अँजिओलायोमायोमात तो बहुधा येतो, मायोपेरिसायटोमात सहसा येत नाही किंवा तुरळक येतो. स्लाइड आली ती अर्धी तपकिरी, अर्धी निळी, म्हणजे अर्ध्या भागात मार्कर आला, अर्ध्यात नाही. मी लिहिलं 'अँजिओलायोमायोमा, काही भागांत मायोपेरिसायटोमासारखी रचना'. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने तीच स्लाइड पाहून नेमकं उलट क्रमाने लिहिलं असतं, तसं तो म्हणालाही. चहा होईपर्यंत वाद घातला, मग दोघेही आपापल्या ढिगाकडे परतलो, कारण त्या बाईंना पुढे करायचं काम दोन्ही वाक्यांत एकच होतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ती एरवी चालते, पण अशा गाठीत पातेल्याच्या एका बाजूचा भात मऊ आणि दुसरीकडचा फडफडीत असतो. स्लाइडवर येणारा काप तीन-चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या गाठीतला अगदीच पातळ पापुद्रा. दुसऱ्या लॅबने ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीतून, आणखी खोलवरचे काप काढले असतील तर त्यांनी अक्षरशः वेगळी जागा पाहिली. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टात 'डेस्मिन फोकल पॉझिटिव्ह' असं आहे, म्हणजे तो काही ठिकाणीच आला. हे वाक्य वाचूनच मला वाटलं की ही त्या मधल्या पट्ट्यातली गाठ असणार.

हा मधला पट्टा माझ्या कल्पनेतला नाही. बोस्टनमधल्या ग्रँटर, बादिझादेगन आणि फ्लेचर यांनी १९९८ मध्ये प्रौढांतला मायोफायब्रोमा, ग्लोमँजिओपेरिसायटोमा (ग्लोमस आणि मायोपेरिसायटोमा यांच्या मधली गाठ) आणि मायोपेरिसायटोमा या गाठी एकत्र ठेवून दाखवलं की हा एकच सलग पट्टा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हे सरकणं दिसतं. २००२ च्या आवृत्तीत पेरिसाइटच्या गटात ग्लोमस आणि मायोपेरिसायटोमा होते, अँजिओलायोमायोमा तेव्हा स्नायूंच्या गाठींत बसवलेला होता. २०१३ मध्ये त्याला उचलून या घरात आणलं. २०२० च्या आवृत्तीत मायोफायब्रोमालाही वेगळी खोली नाही, तो मायोपेरिसायटोमाच्याच मथळ्याखाली आहे. म्हणजे समजा आईंची हीच गाठ २००५ मध्ये निघाली असती, तर तुमचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या प्रकरणांत पडले असते आणि तुमची काळजी आणखी वाढली असती.

मायोफायब्रोमाबद्दल थोडक्यात, कारण आईंच्या वयात तो मुद्दा फारसा येत नाही. तो बहुतेक तान्ह्या आणि लहान मुलांत दिसतो, डोकं-मानेवर जास्त. कडेला फिकट गुलाबी स्नायूसारख्या गाठी आणि मध्यभागी गडद, दाट पेशी व फाटे फुटलेल्या वाहिन्या, असं त्याचं दुरंगी रूप. एकटा असेल तर निरुपद्रवी, काही तर आपोआप विरतात. बाळाला अनेक गाठी असून त्या फुप्फुसात किंवा आतड्यात असतील तर मात्र गोष्ट गंभीर होते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पेशी एका कुळातल्या, गाठी एका घरातल्या, आतल्या भिंती कच्च्या. त्यामुळे घरातल्या घरात नाव बदललं तर मी झोप उडवून घेत नाही. मी घाबरते ते गाठ या घरातलीच नसताना इथलं नाव लागलं तर. आणि ती भीती तुमच्या तिसऱ्या शब्दात आहे, म्हणून त्याकडे वळू.

हेमँजिओपेरिसायटोमा हे नाव स्टाउट आणि मरे यांनी १९४२ मध्ये दिलं. कल्पना चांगली होती, पेरिसाइटपासून होणारी गाठ. खूण धरली होती ती वाहिन्यांच्या आकाराची. पातळ भिंतीच्या, फाटे फुटत जाणाऱ्या, सांबराच्या शिंगांसारख्या वाहिन्या. झालं असं, की ही सांबरशिंगं पुढे वाटेल तिथे दिसू लागली. सायनोव्हियल सार्कोमा या घातक गाठीत दिसतात, लहान मुलांच्या मायोफायब्रोमात दिसतात, इतरही अनेक गाठींत दिसतात. नाव मात्र सगळ्यांना सरसकट लागत गेलं, निरुपद्रवी आणि घातक दोघांनाही. पुढे तपासणी सुधारली तेव्हा कळलं, की मोठ्या माणसांत या नावाने ओळखल्या गेलेल्या बहुतेक गाठी म्हणजे सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, तंतुमय ऊतीची वेगळीच गाठ. २०१३ मध्ये त्यांच्यातला एनएबी२ आणि एसटीएटी६ या दोन जनुकांचा जोड सापडला आणि आता एसटीएटी६ चा स्टेन केंद्रकात उमटला की प्रश्न जवळपास मिटतो. म्हणजे पेरिसाइटचं नाव लावून फिरणारी ती गाठ पेरिसाइटची नव्हतीच. मऊ ऊतींच्या गाठींत ते नाव आता वापरत नाहीत. तुम्हाला जे पान सापडलं ते जुनं असणार.

आईंच्या दोन्ही रिपोर्टांत हा शब्द नाही. 'पेरिसायटोमा' एवढं शेपूट जुळतं म्हणून मोबाइलने तो समोर आणला. नावातलं असलं साम्य आमच्या विषयात फार आहे आणि ते लोकांना उगाच रडवतं. ग्लोमसचंच बघा. 'ग्लोमस जुग्युलेअर' किंवा 'ग्लोमस टिंपॅनिकम' नावाच्या कानाजवळच्या गाठी असतात. त्या पॅरागँग्लिओमा, मज्जासंस्थेच्या कुळातल्या. नखाखालच्या ग्लोमसशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं. एकदा एका मुलीने मला तिच्या बोटाच्या रिपोर्टासोबत कवटीच्या शस्त्रक्रियेची माहिती छापून आणून दाखवली होती. तसंच 'पीकोमा' या नावात पेरिव्हॅस्क्युलर (वाहिनीभोवतीचा) शब्द आहे, पण त्याच्या पेशींत रंगपेशींचे मार्करही येतात आणि आम्ही तो या घरात धरत नाही.

बाहेरची ही भिंत पक्की ठेवण्यासाठी आम्ही काय करतो? आधी आकार बघतो आणि मग मार्कर लावतो. एसएमए आलाच पाहिजे, एच-काल्डेस्मॉन हा स्नायूचाच दुसरा मार्कर बहुधा येतो, एस-१०० (मज्जातंतू आणि तिळाच्या पेशींचा) आणि केराटिन (कातडीच्या वरच्या थराच्या आणि ग्रंथींच्या पेशींचा) येऊ नयेत. त्यातही दुखऱ्या गाठींची एक वेगळी गंमत आहे. घामाच्या ग्रंथीची स्पायरॅडेनोमा नावाची गाठही दुखते, अँजिओलायपोमा दुखतो, न्यूरोमा दुखतो. त्यामुळे दुखण्यावरून नाव ठरत नाही, पण दुखणं माहीत असलं तर चुकीच्या वाटेने जायचं टळतं. माझ्या नवखेपणीची चूक सांगते. हातावरच्या एका गाठीत गोल, एकसारख्या पेशींचे पुंजके दिसले आणि मी 'कातडीतला तीळ' असं मसुद्यात लिहून मोकळी झाले. सरांनी स्लाइड बघायच्या आधी विचारलं, "दुखत होतं का?" मी नमुन्यासोबतचा फॉर्म पाहिला. लक्षणांचा रकाना कोरा. सर्जनना फोन लावला तर म्हणाले, "अहो, हात लावू देत नव्हता." तीळ असा दुखत नाही. एस-१०० लावला, कोरा. एसएमए लावला, लख्ख. ग्लोमस होता. तेव्हापासून कोरा फॉर्म आला की आधी फोन, मग मायक्रोस्कोप.

यातलं काही कॅन्सरकडे झुकतं का, हेही तुम्ही विचारलंत. झुकतं, पण क्वचित, आणि त्याच्या खुणा असतात. ग्लोमससाठी फोल्पे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निकष मांडले. गाठ खोलवर आहे का, दोन सेंटिमीटरहून मोठी आहे का, पेशींची केंद्रकं बिघडलेली आहेत का, विभाजन किती चाललंय, ते वेडंवाकडं आहे का. २०२० च्या वर्गीकरणात जोर केंद्रकांच्या ठळक बिघाडासोबतच्या विभाजनावर किंवा वेड्यावाकड्या विभाजनावर आहे. नुसती खोली किंवा आकार असला तर 'वर्तन अनिश्चित' असा मधला शेरा मारतात. उलट कधी कधी जुन्या ग्लोमसमध्ये केंद्रकं भयानक दिसतात पण विभाजन अजिबात नसतं. त्याला सिम्प्लास्टिक म्हणतात आणि तो निरुपद्रवीच असतो. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारखं ते, वयाचं लक्षण. हे निकष ग्लोमसचे आहेत, पण केंद्रकं आणि विभाजन हे दोन प्रश्न आम्ही घरातल्या प्रत्येक गाठीला विचारतो. आईंची गाठ वरवर, सव्वा सेंटिमीटरची, ॲटिपिया नाही, मायटोसिस नाहीत. यातला एकही काटा तिला टोचत नाही.

जनुकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरातल्या घरात नाव बदलल्याने फरक पडतो असा हा एकच कोपरा आहे, म्हणून सांगते. एखाद्याच्या दोन-तीन बोटांत ग्लोमस असतील तर मी फोन करून विचारते, अंगावर दुधाळ-कॉफी रंगाचे डाग आहेत का? कारण त्याचा न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ या आनुवंशिक आजाराशी संबंध असतो. लहानपणापासून अंगावर निळसर, दाबल्यावर दुखणारे आणि पूर्ण न मिटणारे उंचवटे असतील, वडिलांनाही होते असं कळलं, तर जीएलएमएन जनुकातला दोष मनात येतो. ते खरं तर ट्यूमर नसून शिरांची जन्मजात विकृती असते. बाळाच्या अनेक मायोफायब्रोमांत पीडीजीएफआरबी जनुकाचे बदल सापडतात, तेही घराण्यात उतरू शकतात. पन्नाशीनंतरच्या पायावरच्या एकट्या गाठीला यातलं काही लागू होत नाही. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या तपासण्या करायची गरज मला दिसत नाही.

मग आता करायचं काय? कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ घेतली असेल तर तुमच्या जागी मी ती रद्द करेन. त्याआधी एक काम करा. पहिल्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टना भेटा किंवा फोन करा, दुसरा रिपोर्ट त्यांना पाठवा आणि दोनच गोष्टी विचारा: गाठ पूर्ण निघाली आहे का, आणि दुसरा रिपोर्ट वाचून तुम्हाला स्लाइड पुन्हा बघावीशी वाटते का. आम्हाला असे फोन आवडत नाहीत असं लोकांना वाटतं. मला तरी आवडतात, आणि ज्यांना आवडत नाहीत त्यांनीही उत्तर द्यायलाच हवं. पहिल्या रिपोर्टात कडांबद्दल, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठ पोचली आहे का याबद्दल, काही लिहिलेलं नाही. अशा गाठी मिठाईच्या डब्यातल्या पेढ्यासारख्या अलगद सुटून येतात, तेव्हा कडेला लागून असल्या तरी परत येण्याचं प्रमाण कमीच असतं, पण नोंद असावी.

तिसऱ्या लॅबकडे जाऊ नका. तिसरा माणूस 'पेरिव्हॅस्क्युलर मायॉइड ट्यूमर' लिहील, तेही बरोबरच असेल आणि तुमच्याकडे चार शब्द होतील. त्या मार्करांचे पैसे वेगळे. हां, जखमेच्या जागी पुन्हा गाठ हाताला लागली, किंवा काही महिन्यांत भराभर वाढली, तर ती काढून आधीच्या ब्लॉकसोबत एकाच पॅथॉलॉजिस्टकडे द्या, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. तेव्हा माझं वरचं सगळं आश्वासन मागे घेऊन नव्याने विचार करावा लागेल.

आणि आईंना काय सांगायचं, तर पायातल्या शिरेच्या भिंतीची गाठ होती, साधी होती, निघाली. नाव विचारलं तर अँजिओलायोमायोमा सांगा. दोन्हींत तेच जास्त डॉक्टरांच्या ओळखीचं आहे, पुढे कधी कोणी फाइल उघडली तर कमी प्रश्न विचारतील.

एक राहिलं. स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही दुसऱ्या लॅबला दिला होतात का? दिला असेल तर परत आणून पहिल्या लॅबमध्ये पावती घेऊन जमा करा आणि ते किती वर्षं जपून ठेवतात ते विचारून घ्या. मे महिना आहे, वाटेत तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडून वाकडं झालं की पुढचा काप सरळ निघत नाही.